नाही झालं तर कुणाचं अडेल? : मुलांच्या कामांच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प : घरातली खरी कामं मुलांच्या हाती सोपवणं
ठिकाण : मुलुंड पूर्व
कालावधी : जून ते ऑक्टोबर २०२५
सहभागी : थोरली (वय ११, सहावी), धाकटा (वय ७, दुसरी), नवरा, सासूबाई आणि मी

१४ जून, शनिवार

सोमवारी शाळा सुरू. त्याआधी आज रात्री जेवणं झाल्यावर पाचही जणांची बैठक घेतली. ऑफिसात कुठलंही काम हाती घेतलं की नोंदवही ठेवायची सवय आहे, तशीच ही वही.

मूळ विचार असा. मुलांना आपण जी कामं सांगतो त्यातली बरीचशी त्यांच्या स्वतःपुरती असतात : दप्तर भर, गणवेश जागेवर ठेव, आपलं ताट उचल. ती करायलाच हवीत, पण ती विसरली तर नुकसान त्यांचं एकट्याचं. दुसऱ्या माणसाचं ज्यावर काहीतरी अवलंबून आहे असं काम हाती आलं, की मूल वेगळ्या नजरेने त्याच्याकडे बघतं असा माझा विश्वास आहे. म्हणून काम निवडताना एकच कसोटी लावायची : हे नाही झालं तर कुणाचं अडेल? उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. नाव येत नसेल तर ते काम या वहीत नाही.

या कसोटीवर बरीच कामं गळाली. कपाट लावणं गळालं, झाडांना पाणी घालणंही गळालं (पावसाळ्यात त्याची गरजच नाही). उरलेली कामं मुलांनीच वाटून घेतली.

धाकटा : सकाळी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या आणि आजीचा तांब्या भरणं. ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे साडेसातच्या आत दाराबाहेर ठेवणं.

थोरली : संध्याकाळचा कुकर. आठवड्याची भाजी. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा हिशेब, म्हणजे पाकिटात किती उरल्या ते बघून संपायच्या चार दिवस आधी सांगणं.

मोठ्यांसाठीही नियम ठरले. आठवण एकदाच करायची. आणि मुलांनी केलेलं काम त्यांच्यादेखत पुन्हा करायचं नाही. हा दुसरा नियम सासूबाईंना जड जाणार आहे, त्यांनी स्वतःच सांगितलं.

२२ जून, रविवार

बुधवारी बाटल्या भरायच्या राहिल्या. आठवण केली होती, एकदा. धाकटा ‘हो’ म्हणाला आणि खिडकीतून पाऊस बघत बसला. नवरा रिकामी बाटली घेऊन गेला.

संध्याकाळी आल्यावर तो रागावला नाही. बूट काढता काढता त्याने सरळ सांगितलं, “आज गाडीत खूप तहान लागली होती रे. बाटली उघडली तर रिकामी. उभ्याने गेलो, घसा कोरडा पडला. सीएसएमटीला उतरून पाणी विकत घेतलं.” एवढंच. वर ‘बघ, तुझ्यामुळे’ नाही, ‘लक्ष कुठे असतं तुझं’ नाही.

धाकटा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांची बाटली सगळ्यात आधी भरली आणि झाकण घट्ट लागलंय का ते उलटी करून पाहिलं.

मार्टिन हॉफमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकापासून हाच विषय अभ्यासला. मुलाला धाक दाखवणं, किंवा त्याच्याशी अबोला धरणं, याऐवजी ‘तू केलंस त्याने समोरच्याला काय झालं’ हे समजावून सांगणं त्याने महत्त्वाचं मानलं. धाकाने मूल स्वतःच्या शिक्षेचा विचार करतं. समजावल्यावर ते दुसऱ्याच्या तहानेचा विचार करू शकतं. आमच्या घरात आवाज चढायला वेळ लागत नाही, त्यामुळे हे वाक्य फ्रिजवर लावलंय : आधी काय झालं ते सांगा.

पैशांचा प्रश्नही याच आठवड्यात आला. थोरलीच्या मैत्रिणीला घरी प्रत्येक कामाचे दहा रुपये मिळतात. ‘आम्हाला?’ नाही म्हटलं, आणि का तेही सांगितलं. २००८ साली वॉर्नेकन आणि टोमासेलो या संशोधकांनी वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता. पडलेली वस्तू उचलून द्यायला ही बाळं आपणहून पुढे येत. ज्यांना मदतीबद्दल बक्षीस म्हणून वस्तू दिली, ती पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच दिलं नाही किंवा नुसतं कौतुक केलं, त्यांची मदत टिकली. थोरलीला हे फार आवडलं. “म्हणजे बाळांनापण कळतं?” हो, कळतं. पैशांचे व्यवहार शिकायला तिला महिन्याचा खाऊचा खर्च वेगळा मिळतोच, त्याचा कामाशी संबंध नाही.

२९ जून, रविवार

कचऱ्याचं काम धाकट्याने मनापासून घेतलंय असं वाटत नव्हतं. डबे वेळेवर बाहेर जात, पण ओल्यात बिस्किटाचा कागद, सुक्यात केळ्याचं साल. नुसतं सांगून उपयोग नाही, हे काम कुणापर्यंत पोचतं ते दिसायला हवं. म्हणून आज सकाळी आमच्या इमारतीचा कचरा नेणाऱ्या मावशींना विचारलं, याला थोडा वेळ तुमच्याबरोबर येऊ देता का? त्या हसल्या. चार मजले तो त्यांच्या मागे फिरला.

खाली गेटाजवळ मावशींनी मोठा पिंप उलटा केला. मिसळलेल्या डब्यांतलं त्या हातानेच वेगळं करतात : भाताची शितं चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी, ओला झालेला पुठ्ठा, कुणाच्या तरी घरचं डायपर नुसतंच टाकलेलं. हातमोजे आहेत, पण ओल्यात ते निसटतात म्हणून त्या काढून ठेवतात. धाकट्याने विचारलं, “हे काय लागलंय?” उजव्या हाताच्या तर्जनीवर आडवा, पांढरा पडलेला व्रण. बाटलीची काच, तीन टाके पडले होते, त्या म्हणाल्या. पंधरा दिवस काम बंद आणि पगारही.

मुलुंडकरांना कचऱ्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. इथलं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, तोवर वारा फिरला की संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायच्या. आता मुंबईचा बराचसा कचरा शेजारी कांजूरमार्गला जातो. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा घरीच वेगळा करायला सांगितलं होतं. हे सगळं मी धाकट्याला मागेही सांगितलं होतं. पण त्याच्या डोक्यात बसला तो बोटावरचा व्रण. आज दुपारी त्याने केळ्याचं साल बरोबर डब्यात टाकलं आणि बिस्किटाचा कागद झटकून टाकला.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात गेलो. कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने वडाळा रोड. दोघांची हाफ तिकिटं. आजचं काम दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं : गाडीत शिरताना आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, पाठीवरची बॅग पुढे घ्यायची, दारात थांबायचं नाही, मोबाइलवर काही लावायचं नाही.

मुंबईत वाढणाऱ्या मुलाची सगळ्यात मोठी शाळा लोकल आहे असं मला मनापासून वाटतं. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा आधीचे तिघे थोडे थोडे सरकतात, कुणी काही बोलत नाही. पाठीवरची बॅग मागच्या माणसाच्या तोंडावर येते हे मुलाला कळणं, यात दुसऱ्याचा विचार करण्याचं सगळं आलं.

परतीच्या गाडीत कुर्ल्याला एक गरोदर बाई चढल्या. थोरली उठायला लागली, मग माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिने स्वतःच त्यांच्या हाताला हलकेच हात लावला आणि जागा दाखवली. त्यांनी ‘थँक्यू बेटा’ म्हटलं. घरी आल्यावर मी त्याबद्दल एकच वाक्य बोलले, “त्या मुलुंडच्याही पुढे जाणार होत्या, बसायला मिळालं त्यांना.” शाबासकीचा वर्षाव मुद्दाम टाळते. मुलांना आपण चांगले आहोत याचं प्रमाणपत्र लागू नये, समोरचा सुखाने बसला हे दिसलं की पुरे.

१९ जुलै, शनिवार

सकाळी ओट्यावरून काचेचा पेला पडला, माझ्याच हातून. मी झाडू आणायला वळले तोवर धाकटा वर्तमानपत्र घेऊन उभा. “आई, थांब, अशी नको टाकू.”

मोठे तुकडे मी उचलले, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपला. पुडी बांधायचं काम त्याने मागून घेतलं. वर्तमानपत्राचे चार थर, मग चिकटपट्टी, मग पुन्हा एक थर. मग स्केचपेन आणून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : काच. थोडा विचार करून खाली आणखी लिहिलं : मावशी सांबाळून. ‘भ’चा ‘ब’ झाला होता, मी दुरुस्त केला नाही. ती पुडी डब्यात न टाकता त्याने बाजूला ठेवली आणि साडेसातला मावशी आल्या तेव्हा स्वतः त्यांच्या हातात दिली.

मावशींनी पुडी उलटसुलट करून पाहिली. त्यांना वाचता येत नाही, पण त्याने वाचून दाखवलं.

या प्रकल्पात मला याहून वेगळं काही साधायचं नाही. थोरलीने लगेच ‘आपल्या मजल्यावर सगळ्यांना सांगूया’ असा प्रस्ताव मांडला. दोघं दुपारी चारही दारांवर जाऊन आली. एका दारात ‘अभ्यास करा आधी’ असं उत्तर मिळालं. उरलेल्या तीन घरांनी हो म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार

भाजी. आधी दोनदा मी बरोबर होते, आज थोरली एकटी गेली. दोनशे रुपये, यादी, कापडी पिशव्या. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या आजींकडूनच घ्यायची, रस्ता ओलांडायचा नाही, एवढी अट.

येताना चेहरा फुललेला. कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये कमी करून आणले होते. मग दुसरी गोष्ट सांगितली. ती टोमॅटो निवडताना नखाने दाबून बघत होती, तेव्हा आजी म्हणाल्या, “बाळ, नख नको लावू. नख लागलेला दुसरा कुणी घेत नाही, तो मग माझ्याच घरी.”

यावर आम्ही बराच वेळ बोललो. घासाघीस करणं वाईट नाही, पैशांची किंमत तिला कळायलाच हवी. पण समोर कोण आहे हेही बघायचं. मॉलमध्ये छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि पावसात ताडपत्रीखाली बसलेल्या आजींकडे पाच रुपयांसाठी थांबतो. थोरलीने विचारलं, “मग परत देऊ का?” ते मी तिच्यावर सोडलं. परत द्यायला जाणं बरोबर दिसेल की आजींना अवघडल्यासारखं होईल, हाही विचार तिनेच केला. शेवटी ठरवलं, पुढच्या रविवारी भाव करायचा नाही आणि नख लागलेला तो टोमॅटो आपणच घ्यायचा.

कुकरचं काम चांगलं चाललंय. तांदूळ तीनदा धुणं, बोटाच्या पेराने पाणी मोजणं, रिंग नीट बसली का बघणं. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही आणि गॅस लावताना मोठं कुणी तरी स्वयंपाकघरात हवं, या दोन गोष्टींत सूट नाही. जबाबदारी देणं म्हणजे मुलाला एकटं सोडणं नव्हे. उकळती भांडी, सुऱ्या, गॅलरीचे कठडे, लिफ्ट इथे मोठ्या माणसाचं लक्ष हवंच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबत नाही. शाळांना सुट्टी. हार्बरची गाडी बंद, आमची लाइनही रखडत. इमारतीच्या आवारात पाणी आलं, पंपाच्या खोलीत शिरेल म्हणून वॉचमनकाकांनी मेन स्विच पाडला. लिफ्ट बंद, वरच्या टाकीत पाणी चढणं बंद.

चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. सकाळी दहाच्या सुमारास धाकटा विचारतो, “त्या आजींच्या बाटल्या कोण भरतं?” मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे पिंपात भरलेलं पाणी होतं. दोघांनी लिटरच्या बाटल्या भरून दोन-दोन अशा जिन्याने वर नेल्या, सोबत नवरा टॉर्च घेऊन. थोरलीने आजींना विचारलं, गोळ्या आहेत का? दोनच उरल्या होत्या. सासूबाईंच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणारीला हा प्रश्न सुचला, यात नवल नाही. मेडिकलवाल्यांना फोन करून चिठ्ठीचा फोटो पाठवला, पाऊस थोडा ओसरल्यावर नवऱ्याने जाऊन आणल्या.

दुपारी पिंपातलं पाणी निम्म्यावर आलं तेव्हा घरात कुरकुर झाली. मुलांनी आपणहून हात धुवायला मगभर पाणी घेतलं. बाहेर एवढा पाऊस आणि नळाला पाणी नाही, हे धाकट्याला पटेना. मग मुंबईच्या सात तलावांची गोष्ट निघाली : तुळशी आणि विहार शहराच्या हद्दीत, बाकी तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा लांब, शहापूर-वाडा-मोखाड्याकडे. तिथून एवढं मोठं पाणी जलवाहिन्यांतून मुलुंडपर्यंत येतं आणि शेवटचे चार मजले एका पंपाअभावी अडतात. त्याने वहीत सातही नावं लिहून घेतली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचा गणपती. शाडूची मूर्ती, घरीच बादलीत विसर्जन. निर्माल्य वेगळं ठेवण्याचं काम दोघांनी घेतलं : फुलं-दूर्वा एकीकडे, हारातला दोरा, कापूस आणि प्लॅस्टिकची जर काढून दुसरीकडे. वीसेक पाहुणे येऊन गेले. ज्येष्ठांना खुर्ची आणि पाणी, हे धाकट्याला सांगावं लागलं नाही. दमून रात्री वरण-भात न खाताच झोपला.

१४ सप्टेंबर, रविवार

अवघड नोंद.

थोरली एका मैत्रिणीकडे दुपारभर होती. तिथे कामाच्या मावशींना चहा दिला, तो ओट्याखाली ठेवलेल्या वेगळ्या स्टीलच्या कपात, आणि त्या तो बाल्कनीत बसून प्यायल्या. घरी येऊन तिने विचारलं, “त्यांचा कप वेगळा का?”

खरं ते सांगितलं. ही जुनी, चुकीची रीत आहे. त्यामागे जातीचा विटाळ आहे, आज त्याला स्वच्छतेचं नाव देतात. याच महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हे तिला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं. पुस्तकातलं तळं आणि दुपारचा कप यांचा संबंध तिने स्वतः जोडला. मग गप्प बसली.

तिची पुढची शंका जास्त महत्त्वाची होती : मैत्रिणीला बोलायचं की नाही? माझं मत दिलं. त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आईला उपदेश करणं तुझं काम नाही. पण मैत्रिणीला दोघीच असताना विचारू शकतेस, आणि आपल्या घरी ती आली की आपण कसे चहा पितो ते ती बघेलच. आमच्याकडे मावशी आणि आम्ही एकाच वेळी, एकाच प्रकारच्या कपांत, टेबलाशी बसून चहा घेतो. मुलं आमचं भाषण ऐकत नाहीत, पण हे रोज बघतात.

धाकट्याचं या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मुलाशी भांडण झालं, त्याच्या सायकलची घंटी याने तोडली. ‘सॉरी म्हण’ असं मी म्हटलं नाही. विचारलं, आता हे भरून कसं काढणार? नवऱ्याबरोबर जाऊन त्याने आपल्या खाऊच्या पैशांतून घंटी आणली आणि दोघांनी मिळून पाना घेऊन बसवली. सॉरी त्यानंतर आपसूक आलं, आणि ते दोघांनीही म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची आवराआवर. सासूबाईंनी आज कबुली दिली की मुलांनी घातलेल्या चादरीच्या घड्या बघून त्यांचे हात अजूनही शिवशिवतात, पण त्या बाहेर जाऊन बसतात. हे सोपं नाही, पन्नास वर्षांचा हात आहे त्यांचा.

त्यांच्याच तोंडून आज ताराबाई मोडकांचा विषय निघाला. सासूबाईंची आई बोर्डीकडची, लहानपणी ताराबाईंच्या बालवाडीबद्दल ऐकलेलं. ताराबाई १८९२ साली मुंबईतच जन्मल्या, १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, पुढे बोर्डी आणि मग कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना सोबत घेऊन गरिबांच्या, आदिवासींच्या अंगणापर्यंत बालशिक्षण नेलं. मूल हाताने काम करत शिकतं आणि त्याला मोठ्यांइतकाच मान द्यायचा, हे त्यांनी आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी मांडलं. मुलुंडच्या दोन खोल्यांत आम्ही त्यातलं थोडंसं करतोय.

आढावा. बाटल्यांचं काम अंगवळणी पडलं. कचऱ्याचंही. भाजीत थोरली अजून वांगी नीट निवडत नाही. कुकर दोन वेळा करपला, आम्ही करपलेला भात खाल्ला. आठवण एकदाच करण्याचा नियम परीक्षेच्या आठवड्यात मोडला. तेव्हा कामं कमी करायची की तशीच ठेवायची यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही. माझं म्हणणं, परीक्षेतही घर चालतं, आजींना गोळी लागते, म्हणून एक काम तरी राहावं. त्याचं म्हणणं, आठ दिवस मोकळीक दिली म्हणून मूल बेजबाबदार होत नाही. पुढच्या परीक्षेला त्याच्या म्हणण्याप्रमाणे करून बघायचं ठरलंय.

फराळाची यादी मुलांनी केली : कचऱ्याच्या मावशी, कामाच्या मावशी, वॉचमनकाका, चौथ्या मजल्यावरच्या आजी, भाजीच्या आजी. भाजीच्या आजींना चकली चावेल का, अशी शंका धाकट्याने काढली, म्हणून त्यांच्या पुड्यात बेसनाचे लाडू जास्त.

दिवाळीनंतर कामांची अदलाबदल. धाकट्याला गोळ्यांचा हिशेब हवा आहे. सासूबाई आठवडाभर त्याच्याबरोबर मोजतील, मग त्याच्यावर सोडतील. थोरलीला बँकेत पासबुक भरायला जायचं आहे. कचऱ्याचे डबे आता नवरा घेणार. मावशी साडेसातला येतात, त्याची गाडी सात एकोणपन्नासची, तेव्हा त्याला जमेल.